अंगणवाडीची कल्पना मूळची कोणाची, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांची की त्यांच्या सहकारी अनुताई वाघांची?

कल्पना ताराबाईंची, ती वारली आदिवासींच्या पाड्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, रुजवली मात्र दोघींनी मिळून. १९४५ साली ताराबाईंनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं आणि अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावर, कुणाच्या तरी अंगणात भरू लागली. तीच अंगणवाडी. बिया, पानं, शिंपले हेच साहित्य; माँटेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधनं तिथे परवडणार कुणाला! पुढे बोर्डीजवळच्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळाही निघाली. ताराबाई १९७३ साली गेल्या, नंतर सगळा भार अनुताईंवर आला, म्हणून नावांची गल्लत होते. १९७५ पासूनची सरकारी अंगणवाडी मात्र पोषण-आरोग्याला जोडलेली वेगळी योजना. नाव तेवढं तेच.