वाचक विचारतात : खाडीकाठच्या चिखलात रुतलेले पोकलेन

प्रश्न : उलव्याजवळ खाडीलगत नाला खोदण्याचे काम आम्ही घेतले होते. जमीन सुकून भेगाळलेली होती आणि तिच्यावरून माणसे व मोटारसायकली सहज जात होत्या. तरीही दुसऱ्या दिवशी 20 टनी पोकलेन अर्ध्या चेनपर्यंत बसले. ऑपरेटरने पुढे-मागे करून पाहिले, तेव्हा चेन पूर्ण बुडून यंत्राचे पोट चिखलाला टेकले. दुसरे पोकलेन लावून ओढले, तर वायर रोप तुटला. आमचे नेमके काय चुकले?
— एक ठेकेदार, उलवे

उत्तर : माणूस चालतो तिथे यंत्रही चालेल, हा अंदाज नवी मुंबईच्या खाडीकाठी हमखास फसतो. 600 मिलिमीटर रुंद चेनवर उभे असलेले 20 टनी पोकलेन जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा किलो दाब टाकते आणि एका पायावर उभा असलेला माणूसही जवळपास तितकाच टाकतो. माणसाच्या पावलाचा भार मात्र वरच्या वीतभर थरातच विरतो, तर चेन लांब-रुंद असल्यामुळे तिचा भार मीटर-दीड मीटर खोल पोहोचतो. खाजणात वर उन्हाने कडक झालेला पापुद्रा असतो आणि त्याखाली निळसर-काळी चिकणमाती कित्येक मीटर लोण्यासारखी मऊ असते. शिवाय भरलेली बकेट बाजूला फिरली, की यंत्राचे बरेचसे वजन त्या एका बाजूच्या चेनवर येते. ही माती जितकी मळली जाते तितकी सैल होत जाते, त्यामुळे पहिल्या दिवशी यंत्र पेललेली वाट दुसऱ्या दिवशी दगा देते. काम सुरू करण्यापूर्वी 12 मिलिमीटरची सळई हाताने दाबून पाहिली असती आणि ती वीतभर अडखळून पुढे सरसर खाली गेली असती, तर तिथेच सगळे कळले असते.

यंत्र अर्ध्या चेनपर्यंत बसले होते, तोवर फारसे बिघडलेले नव्हते. खरे नुकसान पुढे-मागे करण्याने झाले. जागच्या जागी फिरणारी चेन खालची माती उपसून मागे टाकते आणि यंत्र स्वतःचाच खड्डा खोदत जाते. पोट टेकल्यावर तर वजन चेनवरून चिखलावर जाते, त्यामुळे चेन कितीही फिरली तरी पकड मिळत नाही. म्हणून यंत्र तिरके होऊ लागताच चालवणे थांबवावे, बकेट जमिनीवर टेकवावी आणि खाली उतरून पाहावे.

या टप्प्यावर पोकलेन बहुधा स्वतःच्या बळावर निघू शकते. वरचा भाग चेनला काटकोनात फिरवून बकेटचा पालथा तळ जाड फळ्यांवर किंवा लोखंडी प्लेटवर टेकवावा, बूम (केबिनलगतचा मोठा दांडा) आणि आर्म (त्याच्या पुढचा, बकेट धरणारा दांडा) यांच्यातील कोन 90 ते 110 अंशांच्या दरम्यान ठेवावा आणि सावकाश दाबून त्या बाजूची चेन उचलावी. उचललेली चेन हवेत हळूहळू फिरवली की तिच्यात अडकलेला चिखल गळून पडतो; मग तिच्याखाली रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर आडवे सरकवावेत. ते लांब बांबूने ढकलावेत, कारण बकेटखालची माती अचानक खचू शकते आणि तसे झाले तर चेनखाली गेलेला हेल्पर वाचत नाही. दुसऱ्या बाजूलाही असेच करावे. त्यानंतर बकेट पुढे लांबवर टेकवून आर्म आत ओढत दोन्ही चेन एकदम, मंद गतीने चालवाव्यात. आमच्या पाहण्यात असे यंत्र दीड तासात निघाले आहे आणि घाईने चेन फिरवल्यामुळे तसेच यंत्र चार दिवस अडकूनही पडले आहे.

वायर का तुटली, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. चेन अर्धीमुर्धी रुतली असेल तर ओढायला यंत्राच्या वजनाइतके बळ लागते, असा ढोबळ नियम धरतात. यंत्र त्याहून खोल गेले तर दुप्पट आणि केबिनपर्यंत गेले तर तिप्पट. आपले यंत्र पोटापर्यंत गेले होते, म्हणजे सुमारे 40 टन बळ हवे होते, आणि पोटाखाली चिखलाने धरलेली चिकट ओढ त्याहून वेगळी. 20 टनी पोकलेन कडक जमिनीवरही जेमतेम 20 टनांच्या आसपास ओढते, मऊ जमिनीवर त्याहून बरेच कमी. 19 मिलिमीटरचा वायर रोप नवा असला तरी साधारण 22 टनांच्या आसपास तुटतो. त्यामुळे झटका देऊन ओढल्यावर त्याची गत काय होणार, हे दिसतच होते.

ओढण्यापूर्वी चेनच्या दोन्ही बाजूंची आणि पुढची माती काढून उतार करावा, पोटाखालपर्यंत चर न्यावा आणि त्यात हवा व पाणी शिरू द्यावे. चिखलाची पकड सुटते ती याच कामाने. रोप खालच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी बांधावा आणि कडेला जाड लाकूड किंवा जुना टायर घालावा. बकेट, बूम किंवा यंत्राच्या मागे तोलासाठी बसवलेले वजन यांना रोप कदापि बांधू नये. चौकटीला दिलेले छोटे भोक हलके सामान ओढण्यासाठी असते, यंत्र ओढण्यासाठी नव्हे. मदतीला येणाऱ्या यंत्राला स्लीपरचा किंवा प्लेटचा पाटा घातल्याशिवाय पुढे आणू नये, नाहीतर रुतलेल्या यंत्रांची संख्या दोन होते.

शेवटी भरतीचे पाहावे, कारण दिवसभर खणलेला चर भरतीच्या पाण्याने तासाभरात बुजतो. आपल्या किनाऱ्यावरचे मच्छीमार तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला साधारण 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते 12 च्या सुमारास. खाडीत आत जावे तशी वेळ थोडी पुढे सरकते. शक्य असेल तर उधाणाचे दिवस टाळून अष्टमीच्या आगेमागे, ओहोटी लागताच काम हाती घ्यावे.

प्रश्न : माझा मुलगा कोलशेतजवळच्या साइटवर हेल्पर आहे. वायर ताणलेली असताना त्याला रोपाजवळ उभे राहून खुणा करायला सांगतात. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : अजिबात नाही. तुटलेला रोप चाबकासारखा उलटा येतो आणि त्याला चुकवायला माणसाला वेळच मिळत नाही. ताणलेल्या रोपाची जितकी लांबी, निदान तितके अंतर सर्व बाजूंनी मोकळे असावे आणि खुणा करणारा एकच माणूस त्याबाहेर, दोन्ही ऑपरेटरना दिसेल असा उभा असावा. रोपाच्या मध्यावर ओल्या गोणपाटांचे ओझे टाकले तर उसळी थोडी कमी होते, पण त्या भरवशावर जवळ उभे राहू नये. आपल्या मुलाने हे मुकादमाला स्पष्ट सांगावे.

प्रश्न : पोकलेन रात्रभर भरतीच्या पाण्यात उभे होते. आता ते नीट चालत आहे. तरी काही करणे गरजेचे आहे का?
— एक पोकलेन-मालक, पनवेल

उत्तर : गरजेचे आहे आणि तेही आजच. पाणी वरच्या रोलरच्या (चेनचा वरचा भाग पेलणाऱ्या लहान चाकाच्या) मध्यापर्यंतच गेले असेल, तर गोड्या पाण्याने स्वच्छ धुऊन सर्व पिनांना नवे ग्रीस भरणे पुरते. ते वरच्या भागाच्या फिरत्या रिंगपर्यंत पोहोचले असेल, तर तिथले जुने ग्रीस पूर्ण बाहेर येईपर्यंत नवे भरावे. दोन्ही चेनच्या गिअरबॉक्सचे बूच थोडे सैल करून तेल तपासावे. ते दुधाळ दिसले तर सील गेले आहे असे समजावे आणि सील बदलल्याशिवाय यंत्र चालवू नये. स्टार्टर आणि अल्टरनेटर पाण्यात गेले असतील तर ते उघडून, गोड्या पाण्याने धुऊन सुकवून घ्यावेत. खारे पाणी आत राहिले तर आज चालणारा स्टार्टर महिन्याभरात जाम होतो.