विसरायला होतंय, काय घेऊ? स्वस्त गोळ्या-पावडरींबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत आणि मेसेजेसमधे निम्मे तरी "हल्ली काही लक्षात राहत नाही, काय चालू करू" याच टाइपचे होते, त्यामुळे गुडघे, केस आणि वजनवाले मंडळी, तुम्ही जरा पुढच्या अंकापर्यंत थांबा, या वेळी फक्त डोकं.

प्रश्न: नमस्कार मॅडम, माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. माळकरी आहेत त्यामुळे अंडी-मासे आमच्या घरात येतच नाहीत. शुगरची गोळी (मेटफॉर्मिन) बरीच वर्षं चालू आहे. हल्ली नावं पटकन आठवत नाहीत, आमटीत दोनदा मीठ पडतं, कुकर लावलाय हेच विसरतात, चिडचिड पण वाढलीय. तळपायाला मुंग्या येतात म्हणतात पण ते वयामुळे असेल. आमच्या फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आलंय की लंडनला जुळ्या भावंडांवर संशोधन झालं आणि एका स्वस्त पावडरीने तीन महिन्यांत स्मरणशक्ती सुधारली. तशी पावडर ऑनलाइन मिळतेय, मागवू का?
– एक सूनबाई, बार्शी

उत्तर: ताई, आधी त्या फॉरवर्डचं बघू. नेहमीसारखी थाप नाहीये ती, प्रयोग खरंच झालाय. लंडनच्या किंग्ज कॉलेजने साठीच्या पुढच्या जुळ्यांच्या ३६ जोड्या घेतल्या, जोडीतल्या एकाला रोज फायबरची पावडर (इन्युलिन आणि एफओएस, म्हणजे आपल्या आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं खाद्य) आणि दुसऱ्याला दिसायला तशीच पण त्यात काही नसलेली पावडर, असं १२ आठवडे दिलं. २०२४ साली नेचर कम्युनिकेशन्स या जर्नलमधे आलं. फायबरवाल्यांची स्मरणशक्तीची टेस्ट चांगली आली हेही बरोबर.

पण पुढचं कोणी फॉरवर्ड करत नाही. मुळात तो प्रयोग पायातल्या ताकदीसाठी होता, खुर्चीतून पाच वेळा उठायला-बसायला किती वेळ लागतो हे त्यांचं मुख्य मोजमाप, आणि त्यात काही फरक पडला नाही. स्मरणशक्ती जोडीला तपासली होती. दोन्ही बाजूच्या लोकांना प्रोटीन आणि व्यायाम पण दिला होता. आणि टेस्ट कशी, तर स्क्रीनवर बंद डबे असतात, एकेक डबा उघडतो, आतली नक्षी दिसते, परत बंद होतो, मग मधे एक नक्षी येते आणि विचारतात, ही कुठल्या डब्यात होती सांगा. त्यात कमी चुका झाल्या ही चांगलीच गोष्ट आहे, मी नाकारत नाही, पण ७२ माणसं आणि तीन महिने एवढ्यावर सासूबाईंना कुकर आठवायला लागेल असं सांगायची माझी तरी हिंमत नाही. पावडर घेतलीच तर पोटात गॅस धरेल, बाकी फार काही बिघडणार नाही. इन्युलिन कांद्यात, लसणात, केळ्यात, गव्हात असतंच (तुमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण बंद असेल तर तेवढं कमी, असो).

आता तुमच्या पत्रातल्या ज्या गोष्टीवर मी खरी अडकले ती, तळपायाच्या मुंग्या. आयुष्यभर शाकाहार, त्यात मेटफॉर्मिन, त्यात मुंग्या, त्यात विसरणं आणि चिडचिड, हे सगळं एकत्र वाचलं की कुठल्याही डॉक्टरच्या डोक्यात पहिलं नाव बी१२ या व्हिटॅमिनचं येतं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की बी१२ नीट शोषलं जात नाही हे माहितीतलं आहे, आणि ॲसिडिटीची रोजची गोळी (पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल वगैरे) जोडीला असेल तर अजूनच. शाकाहारात बी१२ येणार दूध-दही-ताकातून, आणि आपल्याकडच्या आज्या काय दूध पितात, चहात पडेल तेवढं. बी१२ कमी पडलं की नसांवरचं आवरण खराब व्हायला लागतं, म्हणून मुंग्या, म्हणून तोल जाणं, आणि मेंदूही त्यातून सुटत नाही.

हे फक्त तुमच्या घरातलं नाही बरं का. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने पुणे शहर आणि आसपासच्या खेड्यांतल्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं, २००६ मधे ते छापून आलं, तर साधारण दोन तृतीयांश लोकांत बी१२ कमी निघालं आणि शहरी मध्यमवर्गात तर त्याहून जास्त. म्हणजे ज्यांच्या घरात महिन्याला च्यवनप्राश, बदाम, टॉनिक सगळं येतं त्यांच्यातच हे जास्त कमी, याला काय म्हणायचं.

तर पावडर राहू दे, आधी रक्त द्या. बी१२, थायरॉइडची टीएसएच, हिमोग्लोबिन, आणि शुगर कधी खूप खाली जाते का ते (शुगर उतरली तरी माणूस गोंधळतो). बी१२ खरंच कमी असेल आणि मुंग्या असतील तर डॉक्टर बहुतेक आधी इंजेक्शनं देतील, मग गोळी, आणि ही गोळी खरंच स्वस्त आहे, जनऔषधी केंद्रात विचारा. फक्त एक करू नका, मैत्रिणीने सांगितलं म्हणून नुसती फॉलिक ॲसिडची गोळी चालू करू नका, त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. आणि मेटफॉर्मिन मनाने बंद करायची नाही.

मुंग्या जायला महिने लागतात, किती काळ कमतरता होती त्यावर आहे. स्मरणशक्तीही त्याच कारणाने गेली असेल तर सुधारते, पण बी१२ घेऊन सगळ्यांचीच सुधारते असं समजू नका. ऑक्सफर्डच्या एका प्रयोगात (२०१०) ज्यांना विसरण्याचा सौम्य त्रास सुरू झालेला होता अशा लोकांना फॉलिक ॲसिड, बी१२ आणि बी६ दोन वर्षं दिलं, तर मेंदू आक्रसण्याचा वेग कमी झाला, पण तो फायदा मुख्यतः ज्यांच्या रक्तात होमोसिस्टीन (ही व्हिटॅमिनं कमी पडली की वाढणारा एक घटक) जास्त होतं त्यांना, म्हणजे ज्यांच्यात या व्हिटॅमिनांची कमतरता असण्याची शक्यता जास्त त्यांना. ज्यांचं आधीच पुरेसं आहे त्यांनी अजून घेऊन ते लघवीवाटे जातं, आणि त्यासोबत पैसे.

सासूबाई ओळखीच्या रस्त्यावर चुकल्या, पैशाचा हिशोब जमेनासा झाला, किंवा तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारायला लागल्या तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, सरळ न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. आणि हो, कान तपासून घ्या. ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार, आणि घरचे म्हणतात विसरल्या.

प्रश्न: मुलगा बारावीला आहे, नीटचा क्लास लावलाय. क्लासच्या बाहेरच मेडिकलमधे ब्राह्मी-शंखपुष्पीचं सिरप सगळी पोरं घेतात. देऊ का? आणि मल्टिव्हिटॅमिन?
– एक बाबा, लातूर

उत्तर: ब्राह्मीवर प्रयोग झालेत, त्याबद्दल कुत्सितपणे बोलणाऱ्यांतली मी नाही. पण ते झालेत ठरावीक अर्काच्या कॅप्सूलवर, बहुतेक वेळा दिवसाला ३०० मिलिग्रॅम, आणि १२ आठवडे रोज, त्यातही घेतलेले बरेचसे लोक मोठ्या वयाचे. काहींत शब्द आठवण्याच्या टेस्टमधे थोडा फायदा दिसला, आणि काहींना मळमळ, पोटात मुरडा, जास्त वेळा संडास. दोन चमचे सिरपमधे तेवढा अर्क असतो का हे बाटली फिरवून वाचा, आधी साखर किती ते दिसेल. त्यात ब्राह्मी म्हणून आपल्याकडे दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, एक पाणथळ जागेतली बारीक पानांची आणि दुसरी गोल पानांची मंडूकपर्णी, आणि अभ्यास झालेत ते मुख्यतः पहिलीवर.

औषधांच्या नियमांत शेड्यूल जे म्हणून एक यादी आहे, ज्या गोष्टी औषधाने बऱ्या होतात किंवा टळतात असा दावा करायचा नाही त्यांची. त्यात उंची वाढवणं, त्वचा गोरी करणं यांच्याच पंगतीला "मेंदूची क्षमता आणि स्मरणशक्ती वाढवणं" बसलंय. आणि जे हेल्थ सप्लिमेंट म्हणून विकतात त्यांच्या डब्यावर एफएसएसएआयच्या (सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याच्या) नियमाने "नॉट फॉर मेडिसिनल यूज" लिहावंच लागतं. परवा एका पालकांनी मला असा डबा आणून दाखवला, पुढे सोनेरी मेंदू, विजेच्या रेघा, आणि हे वाक्य मागे बारकोडच्या खाली, चष्मा असूनही मला प्रकाशाकडे धरून वाचावं लागलं.

मल्टिव्हिटॅमिन मुलाला कशाला? पोरगा फिकट दिसतो का, जिन्यात धाप लागते का, ते बघा, रक्तात लोह कमी असेल तर लक्ष खरंच लागत नाही, त्याची तपासणी आणि गोळी दोन्ही स्वस्त. नाहीतर त्याला झोपू द्या. रात्री दोनपर्यंत टेस्ट सिरीज, पहाटे सहाला क्लास, वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत, आणि तीच आपण कापतो.

प्रश्न: मी ६८, बँकेतून रिटायर. मुलगा न्यू जर्सीला असतो, येताना प्रीव्हाजेनच्या बाटल्या आणि जिन्कोच्या कॅप्सूल आणतो, तिकडे खूप खपतात म्हणे. शिवाय आमचे ज्येष्ठ नागरिक संघातले मित्र रोज मल्टिव्हिटॅमिन घेतात, म्हणतात मेंदू दोन वर्षांनी तरुण होतो. यातलं काय घेऊ? बीपी आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.
– एक काका, ठाणे

उत्तर: काका, जिन्को (एका झाडाच्या पानांचा अर्क) आजच बंद करा, तुमची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे आणि जिन्कोने रक्तस्राव वाढायची भीती असते. फायदा म्हणाल तर अमेरिकेतच ३,००० हून जास्त म्हाताऱ्या माणसांना सरासरी सहा वर्षं जिन्को देऊन बघितला, २००८ मधे निकाल आला, डिमेन्शिया (वाढत जाणारा विसरण्याचा आजार) टळला नाही.

प्रीव्हाजेन म्हणजे जेलीफिशमधे सापडलेलं एक प्रोटीन. त्यांच्या स्वतःच्या अभ्यासात, २१८ लोकांत, एकूण हिशोबात खोट्या गोळीपेक्षा फरक निघाला नाही, मग त्यातले छोटे छोटे गट पाडून कुठे फरक दिसतो ते शोधलं आणि त्याची जाहिरात केली. २०१७ मधे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आणि न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने केस टाकली, २०२४ मधे कोर्टाने "स्मरणशक्ती सुधारते" असे दावे करायला मनाई केली. स्वस्त तर ते नाहीच. मुलाला सांगा त्यापेक्षा कानाची चांगली मशीन आण, लागत असेल तर.

मल्टिव्हिटॅमिनचं मात्र तुमचे मित्र अगदीच हवेत बोलत नाहीयेत. कॉसमॉस नावाची मोठी चाचणी झाली, साठीच्या पुढच्यांना रोज साधी मल्टिव्हिटॅमिन, आणि एकत्रित हिशोबात फायदा मेंदूचं वय दोनेक वर्षांनी मागे ठेवण्याइतका असं संशोधकांनी मांडलं. ऐकायला भारी वाटतं. त्यातल्या एका भागात ३,५०० च्या वर लोक होते, त्यांना एकामागून एक २० शब्द दाखवायचे आणि लगेच विचारायचं किती आठवतात. वर्षभराने मल्टिव्हिटॅमिनवाले सरासरी ७.१ वरून ७.८ वर गेले, खोटी गोळीवाले पण ७.२ वरून ७.६५ वर. म्हणजे दोघांतला फरक साधारण पाव शब्दाचा, सबंध एक शब्द पण नाही. आकडेशास्त्रात तो खरा फरक आहे, तुम्हाला-मला भाजीच्या यादीत तो जाणवेल असं मला वाटत नाही. आणि याच्या आधी अमेरिकेतल्या ६५ पुढच्या जवळपास ६,००० पुरुष डॉक्टरांनी १२ वर्षं मल्टिव्हिटॅमिन घेतलं होतं, त्यात स्मरणशक्तीला फायदा दिसला नव्हता (२०१३).

घ्यायचीच असेल तर साधी, रोज एक, ज्यात कुठलंही व्हिटॅमिन रोजच्या गरजेच्या दहापट भरलेलं नाही अशी घ्या, फार तोटा नाही. पण तुमची रक्त पातळ करायची गोळी वॉरफेरिन असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्यातलं व्हिटॅमिन के आडवं येतं. तुमच्या बाबतीत मला बीपीचं जास्त पडलंय. ते आटोक्यात ठेवलं तर डिमेन्शियाचा धोका कमी होतो याला या सगळ्या बाटल्यांपेक्षा जास्त पुरावा आहे. लॅन्सेटच्या तज्ज्ञांनी २०२४ मधे डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी १४ कारणं दिली, त्यात बीपी, शुगर, कमी ऐकू येणं, दृष्टी, एकटेपणा, सिगारेट, हवेचं प्रदूषण वगैरे आहे. व्हिटॅमिनची कमतरता त्या यादीत नाही.

प्रश्न: अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला, हे कितपत खरं? महाग पडतो म्हणून विचारलं.
– कोल्हापूर

उत्तर: बार्सिलोना आणि कॅलिफोर्नियातल्या ७०० च्या आसपास तब्येतीने ठणठणीत ज्येष्ठांना दोन वर्षं रोज मूठभर अक्रोड खायला लावून बघितलं, न खाणाऱ्यांपेक्षा त्यांची स्मरणशक्ती एकूणात काही वेगळी निघाली नाही. आवडत असेल तर खा. महाग पडत असेल तर भाजलेली जवसाची चटणी करा, अक्रोडात जे ओमेगा-३ आहे तेच जवसात त्याहून जास्त आहे, आणि भाकरीबरोबर अक्रोड कोण खातं.