डक्ट नेमका कोणाचा?

प्रश्न : आमच्या बंगल्याचे आर्किटेक्ट, आरसीसी (सळई-काँक्रीटच्या सांगाड्याचे) कन्सल्टंट आणि प्लंबिंग कन्सल्टंट वेगवेगळ्या ऑफिसांतले. टॉयलेटचा डक्ट, म्हणजे पाइप उतरवायची उभी पोकळी, १५० मिमी सरकला. प्लंबिंगच्या ड्रॉइंगमध्ये बदल आला, आरसीसीच्या आला नाही. स्लॅब टाकल्यावर पाइपच्या जागी बीम निघाला. आता आरसीसीवाले म्हणतात, दिलेलं ड्रॉइंग यापुढे बदलणार नाही. जबाबदारीही ठरावी आणि बदलालाही जागा राहावी, हे कसं जमवायचं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी त्या बीमचं. ११० मिमीचा पाइप २३० मिमीच्या बीममधून उभा नेला, तर दोन्ही बाजूंना जेमतेम ६० मिमी काँक्रीट उरतं आणि सळ्या वाटेतच येतात. कोअर कटिंगवाल्याला, म्हणजे काँक्रीटला भोक पाडणाऱ्याला, हात लावू देऊ नका. पाइप बाजूने वळवून घ्या.

ड्रॉइंग कोणाचं, हे तुमच्याकडे ठरलेलं आहे. डक्ट कोणाचा, हे नाही. भिंतीला, बीमला, पाइपला मालक आहे. मधली पोकळी बेवारस. म्हणून डक्टची जागा आर्किटेक्टने ठरवावी, आतलं मोकळं माप प्लंबिंगवाल्याने, आणि त्या मापात काहीही घुसणार असेल तर आरसीसीवाल्याने आधी विचारावं. माप भिंतीपासून नव्हे, बीमपासून धरा. ११५ मिमीची भिंत बाहेरून सारखी धरून २३० च्या बीमवर उभी केली, की बीम डक्टमध्ये ११५ मिमी पुढे येतो. दोन्हीकडे तसं झालं तर कागदावरचे ६०० साइटवर ३७० होतात, आणि प्लंबरचा पाना फिरत नाही.

मोकळीक मात्र तोंडी ठेवू नका, मिलिमीटरमध्ये लिहा. सनकनचा, म्हणजे टॉयलेटखाली पाइपसाठी खोल घेतलेल्या आणि नंतर भरून काढायच्या स्लॅबचा, हिशेब बघा : पाइप ११०, दोन मीटरला १:४० उताराचे ५०, खाली वॉटरप्रूफिंगचे ४०, वर कोबा-टाइलचे ५०, झाले २५०. तिथे ३०० मागा. वरच्या ५० मध्ये पाइप आणखी दोन मीटर लांबवता येतो, म्हणजे उद्या घरच्यांनी कमोड पलीकडच्या भिंतीला हवा म्हटलं तरी कोणाचं ड्रॉइंग मोडत नाही. ही चैन फुकटची नाही. जादा भरावाचं वजन दर चौरस मीटरला ९०-१०० किलो पडतं, ते आरसीसीच्या हिशेबात सुरुवातीलाच यायला हवं.

आणि सगळं एकाच दिवशी पक्कं करायचा हट्ट सोडा. कॉलमची सेंटर लाइन खोदाईआधी, डक्ट आणि सनकन त्या स्लॅबच्या शटरिंगआधी, नहाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी जिथून पाइपात जातं तो) भरावाआधी. आरसीसीवाल्यांचा 'बदलणार नाही' हा शब्द पहिल्या दोन टप्प्यांपुरता रास्त आहे.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला बदल साइटवर मान्य धरावा का?

उत्तर : नाही. फोटोवर रिव्हिजन नंबर नसतो. बदलाभोवती ढगासारखी रेघ, शेजारी त्रिकोणात नंबर, असं नवं ड्रॉइंग साइटवर पोचलं की जुन्यावर 'रद्द' लिहून ते त्याच दिवशी परत घ्या. जुनी प्रत राहिली तर मिस्त्री तीच वापरतो. ती चुन्या-सिमेंटने मळलेली असते आणि त्याला पाठ असते.