जुने ब्लॅक अँड व्हाइट हेरपट कुठून सुरू करायचे

अरे वा, जुन्या हेरपटांचा, म्हणजे हेरांच्या सिनेमांचा, छान नाद लागलाय तुला! आधी दिग्दर्शक हिचकॉकचा १९३५ चा 'द ३९ स्टेप्स' बघ, दीड तासाच्या आत संपतो, मग १९४६ चा 'नटोरियस', त्यात पार्टीच्या सीनला कॅमेरा उंचावरून सगळ्या गर्दीवरून सरकत सरकत खाली येतो आणि थेट नायिका इन्ग्रिड बर्गमनच्या मुठीतल्या चावीवर थांबतो, मी तर दरवेळी श्वास रोखून बसतो.

नवीन लोक चुकतात ते इथे:

- मोबाईल चाळत बघणं. एक नजर चुकली की धागा सुटला.
- भरदुपारी बघणं. आपल्या रत्नागिरीच्या उन्हात स्क्रीनवरच्या सावल्या दिसतच नाहीत, त्यापेक्षा पावसातली रात्र धर, लाईट गेली तर उरलेला उद्या.
- रंग भरलेली कॉपी. अजिबात नको!

कोल्ड वॉरवाले नंतर सांगतो.