तांबडी भाजी की लाल माठ?

प्रश्न : आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे, घरात पहिल्यापासून तांबडी भाजीच म्हणतो. सून पुण्याची, ती तिलाच लाल माठ म्हणते. परवा जेवताना यावरून विषय निघाला, तांबडा आणि लाल एकच का? आणि तांबडा तांब्यावरून आला म्हणतात, पण तांबं कुठे लाल असतं?

उत्तर : काकी, भाजी एकच आणि बरोबर दोघीही, त्यामुळे भांडण मिटलं असं समजा.

तांबडा खरंच तांब्यावरून आलाय. संस्कृतात ताम्र, प्राकृतात तंब, आणि मराठीने त्याला आपलं डा जोडलं. शंका असेल तर देवघरातला काळवंडलेला तांब्या घ्या, भिरंडाचं, म्हणजे कोकमाचं, भिजवलेलं सोल मीठ लावून त्यावर चोळा आणि धुतल्या धुतल्या लगेच बघा, जो कोवळा गुलाबीसर रंग वर येतो ना तोच हा तांबडा, दोन दिवसांनी परत मळतो म्हणून आपल्याला पटत नाही एवढंच. पहाटे तांबडं फुटतं ते पण असंच, लाल फुटलं असं कोणी म्हणत नाही. आणि तांबडा भोपळा बघा, कापला की चक्क नारिंगी!

लाल आला फारसीतून, तिकडे लाल म्हणजे माणिक. म्हणून असेल कदाचित, पण मला तरी लाल म्हटलं की चकचकीत काहीतरी दिसतं, सिग्नल, लिपस्टिक वगैरे, आणि माती, गाय, रस्सा म्हटलं की तांबडाच तोंडात येतो. (नंदलालमधला लाल वेगळा हं, तो लाडाचा.) रक्तावरून आलेला राता पण होता आपल्याकडे, तो आता राताळ्यात लपून बसलाय.

गंमत म्हणजे आपली माती तांबडी, पण त्यात तांब्याचा काही हात नाही, तो रंग लोखंडाचा, चिऱ्यातलं, म्हणजे जांभ्या दगडातलं, लोखंड गंजतं त्याचा. आणि तांबडी सुर्लाला गेलात तर कदंब राजांच्या काळातलं महादेवाचं देऊळ सगळं काळ्या दगडात!

पोर्तुगीज शिकलेले जुने लोक लालला व्हेर्मेल्यु म्हणायचे, त्याचं मूळ लॅटिनमधला छोटा किडा, कारण पूर्वी किडे सुकवून, वाटून लाल रंग काढायचे. आपला किरमिजी पण त्याच किड्याचा. हे मात्र जेवताना काढू नका.