एकाच शेडमधल्या दोन गाड्या आणि मधले १० लाख

वाळूज एमआयडीसीतल्या एका वर्कशॉप मालकांचा मेल आलाय. वय ४६, प्रोप्रायटरी फर्म, टॅक्स जाऊन महिन्याला घरात साधारण साडेतीन लाख येतात, होम लोनचा हप्ता ४८ हजार, मुलगा बारावीला, अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेले ६ लाख. त्यांच्यापुढे दोन कोटेशनं आहेत, ऑडी क्यू३ ऑन-रोड ५७ लाख आणि स्कोडा कोडियाक, पाच सीटवाली, ऑन-रोड ४७ लाख. हातात डाउन पेमेंटला १५ लाख वेगळे आहेत. मित्र म्हणतात ५० लाख घालून स्कोडा कोण घेतं, बायको म्हणते आईंना मागे नीट बसता येईल ती घ्या, आणि शोरूमवाला म्हणतो साहेब हप्ता तर दोन्हीचा सारखाच पडतो. विचारतात, "दोन्ही गाड्या आतून एकच आहेत असं ऐकतो, मग १० लाख कशाचे? आणि असतील तर द्यावेत का?"

दादा, पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच गावात, छत्रपती संभाजीनगरात आहे. तुमचं वाळूज शहराच्या एका टोकाला आणि शेंद्रा दुसऱ्या टोकाला, आणि या दोन्ही गाड्या त्या शेंद्र्याच्याच प्लांटमध्ये जुळवल्या जातात. शोरूमच्या काचेआड गेल्यावर मात्र एकीला जर्मन म्हणायचं आणि दुसरीला "स्कोडाच ना", हे आपलं.

प्लॅटफॉर्म म्हणजे नक्की काय हे तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही रोज एकाच फिक्स्चरवर दोन गिऱ्हाइकांचे जॉब काढता. तसंच आहे हे. फोक्सवॅगन ग्रुपने २०१२ साली एमक्यूबी नावाची पद्धत आणली, इंजिन आडवं बसवायचं, पुढच्या चाकांचा मध्य आणि पेडल यांच्यातलं अंतर ठरलेलं ठेवायचं, आणि बाकी लांबी-रुंदी, व्हीलबेस, वरची बॉडी हवी तशी बदलायची. महाग इंजिनिअरिंग सगळं त्या ठरलेल्या भागात असतं, एकदा करायचं आणि लाखो गाड्यांवर वाटून टाकायचं. क्यू३ त्यावर उभी आहे, नवी कोडियाक त्याच्याच पुढच्या आवृत्तीवर. दोघींना २ लिटरचं टर्बो पेट्रोल, दोघींना ३२० एनएम टॉर्क, दोघींना सात गिअरचा ड्युअल क्लच. ऑडी त्याला एस ट्रॉनिक म्हणते आणि स्कोडा डीएसजी. क्यू३ वर क्वात्रो लिहिलंय आणि कोडियाकवर फोर बाय फोर, दोन्हींचा अर्थ चारही चाकांना ताकद, पण आडव्या इंजिनाच्या या गाड्यांमध्ये मागच्या चाकांना ताकद देणारा क्लच एकाच जातीचा आहे. ऑडीच्याच मोठ्या क्यू७ मधली क्वात्रो वेगळी, तिथे मधे वेगळा डिफरन्शियल असतो, ती गोष्ट इथे चिकटवायची नाही.

मग फरक कुठे आहे? आहे, आणि "नुसता लोगो आहे हो" म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही. हाताला लागतं, कानाला ऐकू येतं, डोळ्याला दिसतं तिथे लक्झरीवाला पैसे घालतो, म्हणजे बटणाचा क्लिक, दाराचा आवाज, डॅशबोर्डचं मटेरियल, पेंट, सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचं ट्यूनिंग. यातलं काहीच फुकट होत नाही, सरफेस फिनिश एक नंबर सुधारायला काय खर्च येतो ते तुम्हाला माहितीय. पण ज्याला माप लावता येतं तिथे या जोडीत उलटंच चित्र आहे: कोडियाक २७-२८ सेंटिमीटर लांब, व्हीलबेस ११ सेंटिमीटरने जास्त, एअरबॅग ९, क्यू३ ला ६, आणि पॉवरसुद्धा कोडियाकची २०४ पीएस तर क्यू३ ची १९० च्या आसपास. म्हणजे १० लाख जास्त देऊन तुम्ही लहान गाडी घेताय, जास्त नटवलेली. आईंना मागे बसवायचं म्हटलं तर वहिनींचा मुद्दा टेपने मोजून खरा निघतो.

आणि प्लॅटफॉर्म शेअर केलाय म्हणजे काहीतरी कमअस्सल असंही नाही हं. बेंटली बेंटायगा आणि लॅम्बोर्गिनी उरुस ज्यावर आहेत त्याच्यावरच ऑडी क्यू७ आहे, तिथे कुणी नाक मुरडत नाही. अमेरिकेत मात्र कॅडिलॅकने १९८१ मध्ये शेव्हरोलेच्या साध्या कॅव्हेलियरवर लेदर चढवून सिमारॉन नावाची गाडी दुप्पटीच्या जवळपास भावाने विकायला काढली आणि ती कॅडिलॅकला इतकी बाधली की अजून तिचं उदाहरण देतात. क्यू३ सिमारॉन नाही, एवढं नक्की. काम मनापासून केलेलं आहे.

आता ते १० लाख. हे सगळे गाडीत जातात असं समजू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीवर वेगळा लागणारा सेस गेला आणि अशा मोठ्या गाड्यांना सरसकट ४० टक्के जीएसटी आहे, त्यावर महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के आरटीओ टॅक्स. उलटा हिशोब केला तर तुमच्या १० लाखांतले साडेतीन लाखांच्या वर टॅक्स, थोडा इन्शुरन्स, आणि गाडीपोटी उरतात सहा-सव्वासहा, त्यात डीलरचं कमिशनही आलं. म्हणजे लेदर, पेंट, ऑडीच्या लोगोतल्या चार रिंगा सगळं धरून सहा लाखांचा माल घ्यायला तुम्ही १० मोजताय. विचार करायचा तर इथे करा.

आणि ते "हप्ता सारखाच पडतो" ऐकून मला हसू आलं, कारण शोरूमवाला खोटं बोलत नाहीये. १५ लाख भरले तर ऑडीला ४२ लाख कर्ज, ९ टक्क्याने ७ वर्षं, हप्ता साधारण ६७,६००. स्कोडाला ३२ लाख कर्ज, त्याच व्याजाने ५ वर्षं, हप्ता साधारण ६६,४००. सारखाच की! फक्त एक ६० महिने भरायचा आणि दुसरा ८४. ऑडीचे एकूण हप्ते होतात ५६ लाख ७६ हजार, स्कोडाचे ३९ लाख ८६ हजार. कोटेशनमधला १० लाखांचा फरक बँकेतून फिरून १७ लाखांचा झाला, आणि तुमच्या मेलमध्ये हा १७ कुठेच नाही म्हणून एवढं लांबण लावतोय. पाच वर्षांनी स्कोडा मोकळी झालेली असेल तेव्हा ऑडीवर पावणेपंधरा लाख बाकी असतील, तेव्हा मुलगा कॉलेजातून बाहेर पडत असेल आणि पुढचं शिक्षण काढेल.

इन्शुरन्सवाले गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, कशी उतरवतात ते पण बघा: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, मग दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. टक्के दोघींना सारखेच, पण महागडीचे रुपये जास्त उडतात. बाजार यापेक्षा वाईट वागू शकतो, आणि इथे एक गोष्ट शोरूमवाला आपणहून बोलणार नाही, ऑडीने जून २०२५ मध्ये क्यू३ ची नवी पिढी जगापुढे आणलीय. तुमच्या कोटेशनमधली गाडी भारतात २०२२ साली आलेल्या पिढीची असेल, तर नवी येताच तुमची "जुन्या शेपची" होणार. यावर घासाघीस तरी करा.

(मी स्वतः एकदा सेकंडहँड लक्झरी सेडान घेऊन हात पोळून घेतलेत, नाव नको, पण आत जो पार्ट साध्या भावंडाचाच होता तो बसवायला लेबर मात्र लक्झरीचं लावलं. लोखंड सगळीकडे तेच, वर्कशॉपचा एसी वेगळा.)

तुमचे सीए म्हणतात गाडी टॅक्समध्ये निघून येते. अर्धवट आहे ते. गाडीचं डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा, १५ टक्के, उरलेल्या किमतीवर, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्मंच. ४७ लाखांवर पहिल्या वर्षी ७ लाखांचा खर्च दाखवता येईल, ३० टक्क्यांच्या स्लॅबला टॅक्स वाचेल २ लाखांच्या आसपास, त्यातूनही घरच्या वापराचा भाग वजा. भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट अशा गाडीवर मिळत नाही. आणि फर्मची प्रायव्हेट लिमिटेड करून कंपनीच्या नावावर पासिंग करायचा जो विचार लिहिलाय तो सोडा, कंपनीच्या नावावर आरटीओ टॅक्स १३ ऐवजी २० टक्के लागतो. प्रोप्रायटर म्हणून तुमच्या नावावर घेऊनही पुस्तकात दाखवता येते. बिलात १ टक्का टीसीएस, म्हणजे डीलरने तुमच्या नावे आगाऊ घेतलेला इन्कम टॅक्स, लागेल त्याला घाबरू नका, रिटर्नमध्ये वळता होतो, फक्त विसरू नका.

माझं मत सांगतो. कोडियाक घ्या, पाच वर्षांच्या कर्जावर, पण मुलाची ॲडमिशन होऊन फीचा आकडा कळल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये. मार्चच्या आत घ्या म्हणून शोरूमवाला मागे लागेल, मार्चला घेतली तर या वर्षीचं डेप्रिसिएशन निम्मंच मिळतंय, तेव्हा घाईचं काही नाही. माझी खरी काळजी गाडी नाहीच, ते ६ लाख आहेत. तुमचे एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून ९० दिवसांनी पैसे येतात असं तुम्हीच लिहिलंय, एक पेमेंट अडकलं तर घर, पगार, दोन हप्ते, सगळं दीड महिन्यात खलास. तेव्हा जुलैपर्यंत जो गाडीचा हप्ता भरायचाय तोच, ६६ हजार, दर महिन्याला लिक्विड फंडात, म्हणजे लागेल तेव्हा पटकन पैसे काढता येतात अशा म्युच्युअल फंडात, टाकत चला, झेपतो का तेही कळेल आणि गल्लाही भरेल.

ऑडीच हवी असेल तर तीही घ्या, मी कोण नको म्हणणारा, वीस वर्षं मशीनवर उभं राहून कमावलंय तुम्ही. पण मग कर्ज पाच वर्षांचंच. हप्ता ८७ हजार होतो. जुलैपर्यंत ६६ ऐवजी ८७ बाजूला टाकून बघा, एकही महिना न चुकवता, आणि जमलं तर मित्रांना पेढे द्या.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर जाऊ नका. आईंना मागे बसवून नगर नाक्यावरून वाळूजपर्यंत या आणि उतरल्यावर त्यांनाच विचारा, कुठली गाडी कितीची ते मात्र आधी सांगू नका.