शेजारच्या काकूंनी ओबॉनला बोलावलंय, मुलीला युकाता घालू का?

मावशी नमस्कार, आम्ही सनीवेलला राहतो, मी, नवरा, दहा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सध्या सासूबाई, त्या पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्यात. शेजारी एक जपानी काकू आहेत, सत्तरी पार केलेल्या, एकदम गोड, आम्ही मूव्ह झालो तेव्हा पहिल्या दिवशी झाडाची लिंबं घेऊन आल्या होत्या. त्यांनी आम्हाला जुलैमध्ये सॅन होजेच्या जपानटाऊनमधल्या ओबॉन फेस्टिव्हलला बोलावलंय, म्हणाल्या काका गेल्यानंतरचं हे पहिलं ओबॉन आहे, तुम्ही सगळे आलात तर बरं वाटेल. आणि मुलीसाठी त्यांच्या नातीचा जुना युकाता, म्हणजे कॉटनचा उन्हाळी किमोनो, पण दिला. मुलगी हवेत आहे! पण नवरा म्हणतो की आपण त्यांचे कपडे घालून नाचायचं हे कल्चरल अप्रोप्रिएशन होतं, ऑफिसमधलं कोणी बघितलं तर ऑकवर्ड होईल. सासूबाईंनी कुठेतरी वाचलं की हा जपान्यांचा पितृपक्ष आहे, त्या म्हणतात पितरांच्या दिवसांत नाच कसला आणि लेकरांना कशाला न्यायचं. आणि आम्ही घरी पूर्ण व्हेज आहोत, अंडं पण नाही. जावं की काहीतरी कारण सांगून टाळावं?

अगं, तू कपडे, जेवण, सासूबाई, नवऱ्याचं ऑफिस सगळं विचारलंस, पण तुझ्या पत्रातलं महत्त्वाचं वाक्य मधेच कुठेतरी लिहून पुढे निघून गेलीस. काका गेल्यानंतरचं पहिलं ओबॉन. त्याला हात्सुबॉन म्हणतात. घरातलं माणूस गेलं की त्यानंतर येणारं पहिलं ओबॉन त्या घरासाठी वेगळं असतं, बरीच देवळं त्यासाठी खास प्रार्थना ठेवतात, आपल्याकडे वर्षश्राद्धाला जवळची माणसं येऊन बसतात ना, साधारण त्या जातीची गोष्ट आहे. म्हणजे काकूंनी तुम्हाला जत्रेला नाही बोलावलं. जत्रा आहेच, खाणंपिणं गर्दी सगळं आहे, पण त्यांचं बोलावणं वेगळं आहे. तेव्हा टाळायचा विचार आधी डोक्यातून काढ, बाकीचं सगळं जमवता येतं.

सासूबाईंचं आधी घेऊ, कारण खरं सांगू का, तुमच्या घरात ओबॉन सगळ्यात बरोबर त्यांनाच कळलंय. पितरांचंच आहे ते. ओबॉन हा शब्द उराबॉनवरून आला आणि उराबॉनच्या मागे आपला संस्कृत उल्लंबन असल्याचं पारंपरिक ग्रंथ सांगतात, म्हणजे उलटं टांगलेलं असणं. गोष्ट अशी आहे की बुद्धांचा शिष्य मौद्गल्यायन (आपल्याकडच्या बौद्ध घरांत मोग्गलान म्हणून हे नाव पोरांना पण माहीत असतं) ध्यानात आपल्या गेलेल्या आईला शोधतो तर ती प्रेतलोकात उपाशी तडफडत असते, तो तिला अन्न देतो पण घास तोंडाशी नेला की त्याचे निखारे होतात. मग बुद्ध सांगतात, एकट्याने होणार नाही, भिक्षूंचा वर्षावास संपतो त्या दिवशी, म्हणजे सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला, सगळ्या संघाला जेवू घाल. तो घालतो, आई सुटते, आणि असं म्हणतात की आनंदाने त्याचे पाय थिरकायला लागले, तोच हा बॉन ओदोरी नाच. आईंना हे असं सांग की पिंडाला कावळा शिवला की घाटावर सगळ्यांच्या चेहऱ्यावर जे हलकं झाल्यासारखं येतं ना, इथली माणसं त्या क्षणाला नाचतात. त्यांना पटेल बघ. आणि हा ओबॉन भरवणारं सॅन होजेचं देऊळ बौद्धांच्या जोदो शिनशू पंथाचं आहे, तिथे पितर घरी येतात, त्यांना वाढायचं, असं काही मानत नाहीत, ते लोक याला आनंदाचा मेळावाच म्हणतात आणि भर असतो तो गेलेल्यांबद्दलच्या कृतज्ञतेवर. तेव्हा लेकरांना बाधतं वगैरे भानगड नाही. आत प्रार्थनेला गेलात तर फार तर धूप वाहायचा असतो, चिमूटभर चूर्ण निखाऱ्यावर एकदाच सोडायचं, कपाळाला लावायचं नाही, हात जोडायचे. नसेल करायचं तर नुसते हात जोडले तरी चालतं, कोणी आग्रह करत नाही.

एक मात्र सांगून ठेवते, हे मौद्गल्यायन-उल्लंबन पुराण घरी सांगायला आहे, काकूंसमोर नाही. आपल्या लोकांची एक वाईट खोड आहे, कुठेही गेलं की 'हे मूळ आपलंच' सुरू होतं, बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती, आणि व्हॉट्सॲपवर आलेलं अजून काय काय. ते खोटं नाहीये सगळं, पण विधवा बाई नवऱ्याच्या आठवणीत बसलीय आणि तू तिला तिच्या सणाचं मूळ समजावतेयस, कसं दिसेल ते?

आणि काकूंचा जन्म बहुतेक इथलाच असेल, कॅलिफोर्नियातलाच, त्यांना जपानी येत असेलच असं नाही. त्यामुळे मुलांना कोन्निचिवा पाठ करून घेऊन जाऊ नकोस. हे फेस्टिव्हल 'जपानचं' कमी आणि त्या गल्लीचं जास्त आहे. अमेरिकेत जुने जपानटाऊन तीनच उरलेत, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि आपलं सॅन होजे. ते देऊळ १९०२ पासूनचं. मग दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सरकारने हुकूम काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सगळ्या जपानी लोकांना उचलून छावण्यांत टाकलं, सव्वा लाखाच्या आसपास माणसं, त्यातली दोन तृतीयांश तर इथलीच नागरिक होती. सॅन होजे एअरपोर्टला ज्यांचं नाव आहे ना, नॉर्मन मिनेटा, ते तेव्हा दहा वर्षांचे, म्हणजे तुझ्या लेकीएवढे. ट्रेनमध्ये चढताना त्यांच्या हातात बेसबॉलची बॅट होती, ती शिपायाने काढून घेतली, शस्त्र होऊ शकतं म्हणे. आधी सांता अनिताच्या घोड्यांच्या रेसकोर्सवर ठेवलं, मग वायोमिंगमधल्या हार्ट माउंटन छावणीत. तोच मुलगा १९७१ मध्ये सॅन होजेचा मेयर झाला, पुढे अमेरिकेचा वाहतूक मंत्री. आणि सरकारने माफी मागून प्रत्येक जिवंत माणसाला वीस हजार डॉलर द्यायचं ठरवलं ते थेट १९८८ मध्ये. हे मुलीला जायच्या आधी सांग, बॅटची गोष्ट तिला बरोबर कळेल. देवळाच्याच रस्त्यावर, फिफ्थ स्ट्रीटवर, जपानी अमेरिकन म्युझियम आहे, लहानसंच, छावणीतली खोली कशी होती ते उभं करून ठेवलंय, ओबॉनच्या गर्दीत नको, आधीच्या एखाद्या वीकेंडला जाऊन या.

आता युकाता. नवऱ्याला म्हणावं, ज्यांचा आहे त्यांनी स्वतःच्या नातीचा काढून दिलाय, आता यात अप्रोप्रिएशन काय उरलं? उलट दिलेला घातला नाही तर त्यांना वाईट वाटेल. ऑनलाइन मिळणारे ते ड्रॅगनवाले चकचकीत गाऊन घालून गेली असती तर मी पण नाक मुरडलं असतं. पण घालायचा तर नीट घालायचा, आणि इथे मी स्वतः तोंडावर पडलेली आहे म्हणून सविस्तर सांगते.

माझी मुलगी आठ वर्षांची असताना मी तिला अशाच एका ओबॉनला मैत्रिणीकडून आणलेला युकाता घालून नेलं. बायकांच्या शर्टाला उजवी बाजू वर येते ना, त्याच सवयीने मी उजवी बाजू वर घेतली, कंबरेला ओबी बांधला, फोटोबिटो काढले, फॅमिली ग्रुपवर पाठवून पण झाले. तिथे कणसाच्या स्टॉलवरच्या एक आजी, चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला, एप्रनला सॉस लागलेला, त्या हातातला चिमटा ठेवून बाहेर आल्या, पोरीला स्टॉलमागे नेलं, ओबी सोडला, बाजू बदलली, परत बांधला, स्वतःच्या एप्रनची सेफ्टी पिन काढून गळ्यापाशी लावली आणि पाठीवर थोपटून परत कणसं भाजायला गेल्या. एक शब्द नाही बोलल्या. मला वाटलं ओबी सैल झाला असेल. रात्री शोधलं तेव्हा कळलं की उजवी बाजू वर घेऊन प्रेताला गुंडाळतात! आणि पितरांच्या सणाला मी पोरीला तशी फिरवत होते. आईंना हे सांगू नकोस, किंवा सांगच, म्हणजे बाजू बरोबर आली की नाही ते त्या दहादा तपासतील. लक्षात ठेवायची युक्ती म्हणजे घालणारीची उजवी बाजू आधी अंगाला, डावी त्यावर, झाल्यावर तिचा स्वतःचा उजवा हात गळ्याच्या घडीतून सरळ आत जायला पाहिजे. आतून टी-शर्ट आणि शॉर्ट्स घाल, दिवसभराचं ऊन आणि पोर्टा-पॉटी दोन्ही आहेत. तू साडी नेसणार असशील तर साधी कॉटनची, पदर पिनअप करून, कारण नाचायचंय.

हो, नाचायचंय, तुम्हालाही. कडेला उभं राहून रील काढायला नाही चाललोय आपण. मधे यागुरा म्हणून उंच मचाण असतो, त्याच्याभोवती रस्त्यावर माणसांची रिंगणं फिरतात, पाटावरच्या हत्तीभोवती भोंडला करतो तसंच म्हण, फक्त हत्तीच्या जागी मचाण आणि शंभर-शंभर माणसं. त्यात तान्को बुशी हमखास असतं, ते मुळात कोळसा खाणीच्या मजुरांचं गाणं, क्यूशूमधलं, त्यामुळे स्टेप्स म्हणजे नुसती खाणीतली कामं आहेत, दोनदा खणायचं, दोनदा पाठीवर टाकायचं, मागे वळून कपाळावर हात धरून चंद्र बघायचा, मग गाडी ढकलायची. तुझ्या सहा वर्षांच्याला दोन फेऱ्यांत येईल, तुला चार लागतील. आधीच्या आठवड्यांमध्ये देवळात संध्याकाळी प्रॅक्टिस असते, कोणीही जाऊ शकतं, फुकट, त्यातल्या दोन तरी करा, नवऱ्याला पण ने. त्याचा संकोच तिथे जातो, कारण तिथे पटेल, गार्सिया, न्गुयेन सगळेच चुकत असतात. तिथेच कळेल कोणत्या नाचाला पंखा लागतो, कोणत्याला छोटा टॉवेल. माहीत नसेल तर बाहेरच्या रिंगणात राहा आणि पुढच्या म्हाताऱ्या बाईचे हात बघत चला.

ढोल ऐकायचा असेल तर सॅन होजे ताइको चुकवू नका, १९७३ पासूनचा ग्रुप आहे. पुण्यात पथकात वाजवलेला माणूस घरात असेल तर त्याला पुढे उभं करा, नंतर घरी येईपर्यंत तो दुसरं काही बोलणार नाही. कॅलिफोर्नियातल्या या ग्रुप्सनी सुरुवातीला ड्रम वाइनच्या पिंपांपासून बनवले, जपानहून आणायला परवडत नव्हते म्हणून.

जेवणाचं गणित मात्र आधी करून जा. 'व्हेज आहे का' विचारून उपयोग नाही, ते हो म्हणतात आणि मनापासून म्हणतात, कारण मांसाचा तुकडा नसतो, पण पाणी दाशीचं असतं, म्हणजे बऱ्याचदा सुकवलेल्या मासळीचं. आमच्याकडच्या कट्टर माणसाने दोन वाट्या उडॉन (सूपमधले जाड नूडल्स) 'काय हलकं सूप आहे' करत संपवले होते, मी आजतागायत सांगितलेलं नाही. तेव्हा विचारायचं ते 'फिश दाशी' आणि 'एग' असं नाव घेऊन. उडॉन, सोमेन (बारीक नूडल्स), मिसो सूप सोडा. इनारी म्हणजे भात भरलेली टोफूची पिशवी, ती पण दाशीत शिजलेली असू शकते. इमागावायाकी दिसतं छान, गरम गोल, आत आझुकी बीन्सचं गोड सारण, पण पिठात सहसा अंडं असतं. मग उरतं काय, तर भाजलेलं कणीस, एडामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा), बर्फाचा गोळा, आणि मोची. मोची वरून तांदळाची आणि आत पुरण, अगदी पुरणच म्हण, फक्त लाल आझुकीचं. आई एक खातील आणि म्हणतील वेलची पाहिजे होती. येताना-जाताना पोटभरीला पोळीचे रोल करून गाडीत ठेव, उघडपणे डबा काढून स्टॉलसमोर बसू नका, ते स्टॉल देवळाच्या निधीसाठी असतात, कणसं दोन जास्त घ्या.

आणि काकूंसोबत कधी जेवायला बसलात तर मुलांना दोन गोष्टी शिकव. चॉपस्टिक भातात उभ्या खोचायच्या नाहीत, आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. या वर्षी त्यांच्या घरात तर अजिबात नको.

काकूंकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. फळं किंवा गोड, छोटा डबा, नीट कागदात बांधून, दोन्ही हातांनी. आईंना बेसनाचे लाडू करायला सांग, त्यांचा पण हात लागेल, फक्त चार ठेवू नका, जपानीत चारचा उच्चार मरणासारखा होतो, पाच किंवा सहा ठेवा. डब्यात दूध-तूप-काजू काय आहे ते चिठ्ठीवर लिही, या वयात पथ्यं असतात.

गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंगसाठी तासभर फिराल. लाइट रेलने जपानटाऊन आयर स्टेशनला उतरून चालत जा, आईंसाठी फोल्डिंगची खुर्ची आणि टोपी न्या, दुपारी सावली मिळाली की ती जागा सोडायची नाही.

आणि आजच काकूंना विचार की काकांच्या नावाची प्रार्थना कधी आहे. हात्सुबॉनची सर्व्हिस बरेचदा नाचाच्या दिवशी नसते, वेगळ्या दिवशी सकाळी असते, आणि त्यांना तुम्ही कुठल्या वेळेला हवे आहात हे त्या आपणहून सांगणार नाहीत.